वळांची राणी

सोमवार, ४ तारीख

बीपीच्या डॉक्टरांनी बजावलंय, बाई, राग आला की ओरडायचं नाही, वहीत लिहून काढायचं. तर घ्या, लिहिते. आज मी पडवळचा फोन धुलाईच्या टबात फेकला.

पडवळ म्हणजे आमच्या लॉन्ड्रीत चादरी इस्त्रीच्या रोलरवर घालते ती. उंच, किडकिडीत, म्हणून पडवळ. जेवणाच्या सुट्टीत मागच्या अंगणात आले, तर सगळ्या बायका भिंतीला टेकून बसलेल्या. मांडीवर डबा, मान खाली, अंगठा वरखाली. मी इथली मुकादम, पण कुणी मान वर करेल तर शपथ. पडवळला म्हटलं, "अगं ए, जिवंत आहेस का?" तर म्हणते, "थांबा हो अक्का, एक मिनिट." मला! अंगाची लाही लाही झाली. हिसकावला आणि दिला भिरकावून. दवाखान्याच्या चादरींबरोबर गरगर फिरला. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

घरी दादाला सांगितलं. दादा माझा थोरला भाऊ. दोघंच राहतो आम्ही, मी कमावते, तो रांधतो. म्हणाला, "तू लग्न केलं नाहीस ते फार चांगलं केलंस. एका निष्पाप माणसाचा जीव वाचला."

मग जेवताना आमच्या लहानपणीच्या गल्लीच्या गोष्टी निघाल्या. आबाधुबी! चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याने दिसेल त्याला हाणायचा, एवढाच नियम. ना गट, ना पंच. डबक्यात भिजवून जड केलेला चेंडू पाठीत बसला की श्वास अडकायचा. काय दिवस होते! मी दादाच्या कानावर असा एक बसवला होता की तो कान आजही अर्धाच ऐकतो. खेळ संपला की सगळे ओळीत उभे राहून वळ दाखवायचे. ज्याच्या अंगावर जास्त, तो त्या दिवसाचा राजा. मुलींत राणी नेहमी मिरचीच. एवढीशी पोर, पण अंगभर वळ आणि डोळ्यांत टिपूस नाही. आम्ही जळायचो तिच्यावर. घरी गेलं की कुठे लागलं म्हणून कुणी विचारायचं नाही. उलट आई वर आणखी दोन ठेवून द्यायची. म्हणूनच आम्ही घट्ट झालो. आताच्या पोरांना टाचणी लागली तरी तिचा फोटो काढून गावभर पाठवतात.

दादा म्हणाला, "तुला सगळं गोडच आठवतं." कान अर्धा आहे म्हणून जळतो माझ्यावर.

बुधवार, ६ तारीख

रबरी चेंडू आणला. सुट्टीत फोन गोळा करून साबणाच्या रिकाम्या पिंपात टाकले, वर झाकण लावलं आणि झाकणावर मी बसले. म्हटलं, घंटा होईपर्यंत आबाधुबी. नाही म्हणेल तिला उद्यापासून घाण कपड्यांच्या खोलीत पाठवीन.

आधी लाजल्या. चेंडू असा टाकत होत्या की जणू बाळाला झोपवतायत. मग पडवळच्या हाती लागला आणि तिने माझ्या पोटात सणकन ठेवून दिला. फोनचा राग होता तो. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी वाकले, चेंडू उचलला आणि तिच्या मांडीवर असा फाडकन बसवला की ती किंचाळली. पुढे काय विचारता! सगळ्या एकमेकींवर तुटून पडल्या. पदर खोचले, चपला उडाल्या, शिव्या तर अशा निघाल्या की भिंतीनेही कान झाकावेत. मावशी आमच्यात सगळ्यात म्हातारी, घाण कपडे निवडते. तिला कच्चा लिंबू ठेवलं, म्हणजे तिने खेळायचं पण तिला मारायचं नाही. पण तीच सगळ्यात दुष्ट निघाली. कुणी मारू शकत नाही म्हटल्यावर अगदी जवळ जाऊन हाणत होती.

घंटा झाली तेव्हा सगळ्यांची तोंडं लाल. दंड वर करून वळ मोजले. कितीतरी वर्षांनी मला कडकडून भूक लागली.

शुक्रवार, ८ तारीख

नवा नियम. ज्या बाईला जास्त वळ ती त्या दिवसाची राणी, आणि चहाचा पहिला कप तिचा.

आज राणी झाली घडीवाली. ही माझ्या लक्षातही नव्हती. घडीच्या टेबलावर असते, कोपऱ्याला कोपरा जुळवते, मान वर करत नाही. वाटलं होतं, ही कोपऱ्यात उभी राहून रडेल. कसलं काय! मैदानाच्या मधोमध उभी. चेंडू येताना दिसला तरी हलत नाही. पाठीत बसतो, मांडीवर बसतो, आणि ही हसते. शेवटी बाही वर केली तर दंडावर केवढे वळ, काही जांभळे, काही पिवळे पडत आलेले. सगळ्या ओरडल्या, "अक्का, तुमचे आहेत हे!" आता इतके माझे कधी लागले हे मला आठवेना, पण नेम माझा लहानपणापासून पक्का. छाती फुगली माझी.

तिचा नवरा आमचाच टेम्पोवाला. धुतलेले गठ्ठे पोचवतो. हसतमुख, सगळ्यांना वहिनी, मावशी, अक्का करतो. देवमाणूस. त्याला म्हटलं, "तुझ्या बायकोला आज चांगली बुकलून काढली हो." तो क्षणभर बघतच राहिला. मग एवढा हसला! म्हणाला, "काढा की अक्का, जरा घट्ट होऊ दे. घरी तर हात लावला तरी रडते."

मंगळवार, १२ तारीख

पडवळचं नाक फुटलं. तिचं आणि धुलाई यंत्रावरच्या बाईचं शिफ्टवरून जुनं वाकडं होतं. आज चेंडू बाजूलाच राहिला, एकीने दुसरीचे केस धरले, दुसरीने तोंडावर बुक्की मारली. रक्त हॉटेलच्या पांढऱ्या अभ्र्यावर सांडलं. मी मधे पडले तर माझ्याही बरगडीत कोपर बसलं. दोघींना कानफटात दिली आणि एकाच बाकावर बसवलं. थोड्या वेळाने बघते तर पडवळ नाकात कापूस घालून त्याच बाईच्या डब्यातलं खातेय. फोनवर असतं तर महिनाभर टोमणे मारत बसल्या असत्या. इथे फुटलं, वाहिलं, संपलं. लहानपणी असंच होतं.

राणी पुन्हा घडीवाली. आता सगळ्या तिला राणीच म्हणतात. पहिला कप तिच्या हातात दिला की दोन्ही हातांनी धरते आणि हळूहळू पिते.

शुक्रवार, १५ तारीख

मावशी मला बाजूला घेऊन म्हणते, "त्या पोरीला कच्चा लिंबू कर गं. फार लागतंय तिला."

मी म्हटलं, "मावशी, तू एकटी लिंबू पुरे आहेस." तरी घडीवालीला विचारलं. ती एकदम घाबरी झाली. "नको अक्का, नको. मला मारा. सगळ्यांसारखंच मारा." ऐकलं का मावशी? याला म्हणतात जिगर! मिरचीच आठवली मला. तीही अशीच म्हणायची, मला मारा की रे, मला का नाही मारत.

सोमवार, १८ तारीख

काल सुट्टी होती. आज कपडे बदलायच्या खोलीत घडीवालीची पाठ दिसली. शनिवारचे माझे चेंडू अजून लालबुंद! कंबरेपासून वर लांबच्या लांब. मी सगळ्यांना बोलावून दाखवलं. "बघा गं, या वयातला हात बघा!" ती ब्लाउज घाईने ओढत म्हणाली, "हो, अक्कांचेच." दिवसभर मी तरंगत होते.

दादाला सांगितलं. तो भांडी घासत होता. म्हणाला, "लांबच्या लांब?" मी म्हटलं हो. नळ सोडून नुसता उभा राहिला. पाणी वाया जातंय म्हणून मीच ओरडले.

मंगळवार, १९ तारीख

मालकांनी बोलावलं. कुणीतरी कागाळी केली, की मागे बायका मारामाऱ्या करतात. खेळ बंद म्हणाले तर काय? पण टेम्पोवाला तिथेच उभा होता. म्हणाला, "साहेब, माझी स्वतःची बायको खेळते. अंगभर वळ घेऊन येते, पण मी कधी तक्रार केली का? खेळात लागणारच." मालकांनी हात झटकले. फक्त म्हणाले, काही झालं तर जबाबदार तुम्ही. मी म्हटलं, जबाबदार मीच.

बाहेर आल्यावर त्याने टेम्पोतून नवा चेंडू काढून दिला. चांगला टणक. "याने बसेल, अक्का. तो जुना अगदीच मऊ होता." असा नवरा सगळ्यांना मिळो.

शुक्रवार, २२ तारीख

आज जे झालं ते सरळ लिहिते, कारण मला ते नीट कळलेलं नाही.

खेळ रंगात आला होता. नवा चेंडू खरंच भारी. पडवळच्या कोपरावर बसला तर हात बधिर झाला तिचा. राणी नेहमीप्रमाणे मधोमध. मी तिच्या खांद्यावर मारला, ती हसली. मग कुणीतरी मारलेला हुकला आणि गडगडत टेम्पोपाशी गेला. टेम्पोवाला गठ्ठे चढवत होता. त्याने चेंडू उचलला. सगळ्या ओरडल्या, "भाऊजी, मारा! मारा!" त्याने हसत हात मागे घेतला.

ती पळाली नाही. ती खाली बसली. गुडघे छातीशी, डोकं गुडघ्यांत, दोन्ही कोपरं कानांवर, पाठ भिंतीकडे. एका झटक्यात. चेंडू अजून त्याच्या हातातच होता. आणि तिच्या तोंडातून बारीक आवाज येत होता, "चुकलं, चुकलं, चुकलं."

तो म्हणाला, "बघा, कशी नाटकी आहे." मग माझ्यापर्यंत चालत आला आणि चेंडू अलगद माझ्या हातात ठेवला. "चालू द्या, अक्का."

कुणीच चालू केलं नाही. आमच्या इतक्या जणींचे चेंडू तिने छातीवर झेलले आणि याच्या हातात नुसता दिसला तर ही अवस्था! चहाचा कप दिला तर तिच्या हातून सांडला.

शनिवार, २३ तारीख

ती आली नाही. टेम्पोवाला आला, म्हणाला, अंग दुखतंय तिचं, तुमच्या नव्या चेंडूने. हसला. मला हसता आलं नाही.

घरी येऊन दादासमोर बसले आणि कालचं सगळं सांगितलं. तो अर्ध्या कानाने ऐकतो म्हणून मोठ्याने सांगावं लागतं, आणि मोठ्याने सांगताना माझं मलाच ऐकू येत होतं. दादा म्हणाला, "चेंडू कसा असतो?"

"कसा म्हणजे? गोल."

"मग त्याचा वळ लांबच्या लांब कसा उठतो?"

तो म्हणाला, "मिरचीचे वळही लांबच होते. तिचा बाप पट्ट्याने मारायचा. मला तेव्हाच माहीत होतं, आपल्या घरामागेच त्यांची खिडकी होती. ती खेळायला यायची ते वळ लपवायला जागा हवी म्हणून. आणि आपण तिला राणी करून टाळ्या वाजवायचो."

"मग तू बोलला का नाहीस?"

"तूच लिहितेस ना वहीत, आपल्या वेळी कुणी विचारायचं नाही."

माझी वही वाचतो मेला. पण भांडायची ताकद नव्हती. तशीच बसून राहिले. त्या पोरीच्या पाठीवर बोट ठेवून मी सांगितलं होतं, बघा माझा हात. तिने घाईने ब्लाउज ओढत हो म्हटलं होतं. तिच्या नवऱ्याला मी स्वतःच्या हाताने सबब दिली आणि वर त्याला देवमाणूस म्हटलं. आता ती त्या घरात त्याच्याबरोबर एकटी आहे, आणि काल आम्ही सगळ्यांनी जे पाहिलं ते त्याने पाहिलंय.

रविवार, २४ तारीख

डाव्या हाताने लिहितेय, अक्षर वेडंवाकडं येईल.

सकाळीच मावशीला घेऊन गेले. दुकानावरची खोली, लोखंडी जिना. दार त्यानेच उघडलं. "अक्का! या की. पण ती झोपलीय." पाय मात्र दारात आडवा. मी म्हटलं, "झोपलेलीच बघते." त्याने दार लोटलं, मी खांदा घातला. लॉन्ड्रीत ओल्या चादरींचे गठ्ठे उगाच नाही उचलले मी. दार उघडलं.

ती कपाट आणि भिंत यांच्यामधल्या जागेत बसली होती. एक डोळा बंद. डावा हात असा वळलेला, की हात तसा वळत नाही. मला बघून म्हणाली, "अक्का, खेळात लागलं." अजूनही तेच!

तो मागून म्हणाला, "तुम्हीच मारलंत की. सगळ्या लॉन्ड्रीला तुम्हीच सांगत फिरता. आता कशाला आलात?"

डॉक्टरांची शपथ, मी ओरडले नाही. मी वळले आणि त्याच्या मुस्काटात मारली. इतकी की माझाच पंजा सुजला. तो थांबला, आणि मग त्याचा चेहरा बदलला. तो हसतमुख माणूस कुठे गेला कुणास ठाऊक. माझे केस धरून त्याने डोकं चौकटीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. तोंडात रक्ताची चव आली. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले, सोडलं नाही. त्याने माझी बोटं मागे वाकवली, कट् आवाज ऐकू आला. मी खाली पडल्यावर बरगडीत लाथ. मला त्या क्षणी फक्त एवढंच कळलं, की हा सरावाने मारतो. कुठे मारायचं ते त्याला शोधावं लागत नाही.

मग धप्प आवाज आला आणि तो माझ्या शेजारी गुडघ्यावर बसला. मागे मावशी, हातात तवा. "मी कच्चा लिंबू आहे," म्हणाली, "मला कुणी मारायचं नाही." आणि पुन्हा घातला.

पोरीला दोघींनी धरून जिना उतरवला. दवाखान्यात तिच्या हाताला प्लास्टर, माझ्या बोटांना पट्ट्या. तिथल्या चादरी आमच्याच लॉन्ड्रीच्या.

सोमवार, २५ तारीख

चौकीत तो आमच्या आधी पोचलेला. डोक्याला बँडेज बांधून अगदी गरीब चेहऱ्याने बसला होता. चौकीतल्या साहेबांनी मला विचारलं, "बाई, तुम्ही कामाच्या जागी बायकांना मारण्याचा खेळ खेळवता?"

"हो."

"या मुलीला सगळ्यात जास्त लागायचं?"

"हो."

"आणि तुम्ही सगळ्यांना सांगायचात की वळ तुमचे आहेत?"

त्यालाही हो म्हटलं. बाहेर पडवळ आणि बाकीच्या उभ्या होत्या, त्यांनीही विचारल्यावर तेच सांगितलं होतं. खोटं नव्हतंच ते. साहेब म्हणाले, मग झालं तर, घरचा मामला दिसतोय, समजुतीने घ्या, नवऱ्याबरोबर घरी पाठवू. पोरगी बाकावर बसली होती. घरी म्हटल्याबरोबर उठून उभी राहिली. अशी मुकाट्याने, की माझं काळीज फाटलं.

मी म्हटलं, "साहेब, थांबा." दारातून हाक मारली, "पडवळ, आत ये. चेंडू आहे का?" तिच्या पिशवीत होता, तोच टणक. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि बाही खांद्यापर्यंत वर सारली. "मार."

"अक्का, वेड लागलंय का?"

"तुझा फोन मी टबात टाकला. आठव आणि मार."

पडवळने मारला. देवा! साहेब खुर्चीतून उठले. मी म्हटलं, पुन्हा. तिने पुन्हा मारला, रडत मारला, दंडावर, मग त्याच्याच खाली. हवालदार धरायला येईपर्यंत माझा हात लाल झाला होता. मी तो साहेबांच्या टेबलावर ठेवला. "बघा. हा चेंडूचा वळ. गोल असतो. याला कड नसते, टोक नसतं, बक्कल नसतं. आता बाई पोलीस बोलवा आणि त्या पोरीची पाठ बघा. त्यातले गोल तेवढे माझे. त्यांच्यासाठी मला आत टाका. उरलेले कुणाचे, ते यांना विचारा."

टेम्पोवाला म्हणाला, "साहेब, या बाईचं डोकं फिरलंय."

तेव्हा ती बोलली. जमिनीकडे बघत, एकदम स्पष्ट. "पट्टा आहे. दाराच्या मागे टांगलेला असतो."

साहेबांनी नवा कागद ओढला.

गुरुवार, २८ तारीख

तो आत आहे. किती दिवस ते माहीत नाही. ती आमच्याकडे आहे, दादाच्या खोलीत. दादा बाहेर बाकड्यावर झोपतो आणि कुरकुर करत नाही, म्हणजे बघा. मालकांनी मला मुकादमीवरून काढून घाण कपड्यांच्या खोलीत टाकलं. मावशीच्या हाताखाली! ती फार मिजास करते. खेळ बंद झाला. सुट्टीत फोन परत आले. मी काही म्हटलं नाही. मिरचीचं पुढे काय झालं हे दादाला माहीत नाही. मलाही माहीत नाही, आणि इतकी वर्षं मी त्या दिवसांना चांगले दिवस म्हणत आले.

आज दुपारी ती वाळलेले कपडे घडी करत होती, प्लास्टर नसलेल्या हाताने. चादर जमेना. मी दुसरं टोक धरलं. माझी बोटं पट्टीत, तिचा हात प्लास्टरमध्ये, दोघींत मिळून एक धड माणूस. मी शेवटी विचारलंच. म्हटलं, वळ लपवायला येत होतीस ते कळलं. पण पळायचीस का नाहीस गं? घरी एवढा मार खाऊन आमच्यापुढे अशी मधोमध उभी का राहायचीस?

तिने कोपऱ्याला कोपरा लावला.

"तुम्ही सगळ्या घंटा झाली की थांबायचात," ती म्हणाली.